बन्सीधर सही मागायला येईल तेव्हा

परभणी,
४ मार्च २०२५

चि. सौ. बबितास अनेक आशीर्वाद.

ज्यांची सही चालते पण शब्द चालत नाही, अशा गावोगावच्या सरपंच बायांनो... बघ, पत्रातही भाषण सुरू झालं. माईक नसला तरी सासऱ्याची खोड जात नाही.

इकडे बरं आहे. कडुलिंब फुललाय, दुपारी त्याच्या वासानं डोळा लागतो. काल स्वप्नात तुमच्या पंचायतीच्या सतरंजीवर दोघी बसल्या होत्या. एक राणी, एक राष्ट्रपती. कुठल्या देशांच्या, कळलं नाही. दोघी भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या आणि टरफलं मुकुटात टाकत होत्या.

राणी म्हणाली, "कायद्याला नकार द्यायचा हक्क मलाबी हाय. पण आमच्यात तीनशे वर्षांत कुणी दिला न्हाई. आता जीभच वळत न्हाई."

राष्ट्रपती म्हणाली, "मी कागद एकदा परत पाठवती. तेच पुन्हा आलं की सही करावीच लागती."

"मग उपयोग काय?"

"तेवढ्यात लोकांना कळतं."

कुठंतरी नळ वाहायला लागला, आणि मी जागा झालो.

परवा तुमच्या विहारापलीकडच्या वस्तीतली गीताबाई इथं बाजारात भेटली. नव्या नळाची लाईन बुद्धविहाराच्या अलीकडंच थांबवायचा ठराव आहे म्हणाली. पलीकडच्या वस्तीनं टँकरची वाट बघायची. मी तुझ्या नवऱ्याला फोन लावला. योगीराज हसला. "दादा, ती नुस्ती सही करती. गाव मी चालवायलोय."

मला ठाऊक आहे. सभेत तुझ्या खुर्चीवर तो बसतो. सभेआधीच बन्सीधर शिपाई ठराव घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येतो, तू पिठाचा हात पुसून सही करतेस.

राणीला गादी जन्मानं मिळते, तिनं गप्प बसलेलं खपतं. राष्ट्रपतीला निवडतात, घटनेची शपथ देतात. तुलाही निवडलंय, त्या वस्तीनंसुद्धा. सभेचं अध्यक्षपद तुझं. मतं समसमान पडली तर निर्णायक मतही तुझं, नवऱ्याचं नव्हे.

आता जे सांगणार आहे, त्यानंतर योगीराज माझ्या घराची पायरी चढणार नाही. मला एकच मुलगा आहे. सकाळपासून कडुलिंबाचं आणि स्वप्नाचं लिहीत बसलो, ते हे सांगणं लांबवायलाच.

गुरुवारच्या सभेआधी बन्सीधर आला की सही करू नकोस. कागद त्याच्याच हाती परत दे, त्याच्या मागोमाग सभेला जा आणि तुझ्या खुर्चीत बस.

तुझा, आणि योगीराजचाही,
बाप
किशनराव