मामाची मांडी आणि सरळ रेषा

२ फेब्रुवारी
नागपूरहून धाकट्या बहिणीचा, दीपमालाचा फोन. ऋतुराजचं जावळ बावीस तारखेला, दुपारी बाराला. बाळाला मांडीवर घ्यायला मामा लागतो आणि सख्खा मामा मी एकटाच. दादा, यावेळी नक्की ना, असं तिनं दोनदा विचारलं. बारशाला माझी गाडी चुकली होती, ते अजून मनात धरून आहे. ठरवलं. यावेळी विमान.

३ फेब्रुवारी
अंतर शोधलं. सरळ रेषेत चारशे किलोमीटर, वेळ एक तास. इथे संभाजीनगरात संध्याकाळी गारखेड्यातून स्टेशनवर जायला जवळपास तेवढाच लागतो. नागपूर लांब आहे ही अफवा.

९ फेब्रुवारी
फुलंब्रीच्या चुलतभावाचा, मोतीरामचा फोन. तो आईला आणि बाकी मंडळींना क्रुझरनं समृद्धीवरून आदल्या दिवशीच नेणार. दादा, एक जागा तुमची धरतो, म्हणाला. मी हसलो. मुहूर्त बाराचा, आदल्या दिवशी जाऊन करायचं काय?

१४ फेब्रुवारी
तिकीट काढलं. त्या दिवशी थेट विमान नाही. आधी मुंबई, मग नागपूर. आई म्हणाली, नागपूर उगवतीला अन् तू मावळतीला कुठं निघाला रं? लांब उडी मारणारा आधी मागं जातो, असं तिला समजावलं. ती मेथी निवडत राहिली.

२१ फेब्रुवारी
क्रुझर गेली. बाळाच्या कपड्यांची पिशवी त्यांच्यासोबत दिली, विमानात हात मोकळे बरे. आई म्हणाली, चल रं बाबा, जागा हाय अजून. नाही गेलो. दिवसभर काही काम नव्हतं. मांडी घालून बसायचा सराव केला. डाव्या पायाला मुंग्या.

२२ फेब्रुवारी, सकाळ
मुंबई. चढलो न चढलो तोच उतरलो. मोतीरामला खिडकीतून काढलेला ढगाचा फोटो पाठवला. पुढच्या विमानाला भरपूर वेळ. निवांत इडली खाल्ली.

२२ फेब्रुवारी, रिक्षात
नागपूरचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून आहे. तिकिटावर छापलंय, पण किती बारीक. सिग्नल. पुन्हा सिग्नल. ड्रायव्हर म्हणतो, होईल साहेब. त्याचा चेहरा तसं म्हणत नाही.

२२ फेब्रुवारी, त्यानंतर
गेलं. संभाजीनगरहून मुंबईला यायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त या टर्मिनलवरून त्या टर्मिनलवर यायला लागला. आता संध्याकाळचं मिळालंय. दीपमालाला फोन केला. ती म्हणाली, न्हावी येऊन बसलाय, दादा.

२२ फेब्रुवारी, दुपार
व्हिडिओ कॉल. ऋतुराज मोतीरामच्या मांडीवर. मला नीट दिसावं म्हणून मोतीराम सारखा आपलं डोकं बाजूला घेत होता. पहिली बट पडली आणि मला रडू आलं. शेजारी बसलेल्या बाईंनी रुमाल दिला. विमान चुकलं का, म्हणाल्या. हो म्हटलं.

२३ फेब्रुवारी
काल पोचलो तेव्हा बाळ झोपलं होतं. गोट्यावरून हात फिरवला. पुढच्या वेळी नक्की, असं दीपमालाला म्हटलं. ती म्हणाली, जावळ एकदाच असतं, दादा.

परतीचं विमान होतं माझं. तेही मुंबईमार्गेच. ते सोडून क्रुझरमध्ये बसलो. मोतीरामनं खिडकीची जागा दिली. मी म्हटलं, कुणाला उठवू नकोस माझ्यासाठी. आई म्हणाली, उठवतो कशाला, येताना बी ही जागा रिकामीच व्हती. कुणाला बसू दिलं नाय त्यानं.