रिकामा डबा द्यायचा न्हाई

लोणी, ता. आंबेगाव
१५ जानेवारी २००६

चि. हर्षालीस तात्याचा आशीर्वाद.

फोन मी ठेवला न्हाई. रेंज गेली. तुमच्या इंग्लंडात जात नसंल, आमच्या लोणीत जाती. बाकी इकडं सगळी खुशाल. ऊस तोडायला आलाय, पारगावच्या कारखान्याची टोळी आपल्याच बांधाला उतरलीया. तुझी काकी मागं उभी राहून वाचतीया आन् म्हणती, "टॉवर तर समोर दिसतोय." हिला वाचायला कुणी शिकवलं काय म्हायती.

आता तुझं भांडण. मला समजलं ते असं. तुमी पाच देशांच्या पोरी एका सैपाकघरात. त्या जर्मनीच्या आन्यानं तुला डब्यातनं केक दिला. तू केक खाल्लास आन् डबा कपाटात ठेवलास, कारण रिकामा डबा माघारी द्यायचा न्हाई, हे काकीनं लहानपणापास्नं तुझ्या डोक्यात भरलंय. परीक्षा आली, लाडू वळायचे राहिले. तिला वाटलं, डबा ढापला. वॉर्डननं कपाट उघडायला लावलं, डबा सगळ्यांसमोर निघाला. वरनं तुमाला गोल बसवून "एकमेकांच्या चालीरीती समजून घ्या" म्हणून वर्ग घेतला. आन् तू त्या वर्गात तोंड उघडलं न्हाईस! ग्रामसभेत सरपंचाला गप करणारी पोरगी तू. मग रडत फोन, "तात्या, एमेस्सी नको, मी परत येऊ का?"

तवाच रेंज गेली.

त्याच आठवड्यात इकडं काय झालं ऐक. टोळीतल्या ठकूबाईला काकीनं किटलीभर ताक दिलं. ही बाई बीडकडची. किटली माघारी आली ती रिकामी. काकीचं डोकं फिरलं. "रिकामी धाडली! तिकडं रीतभात हाय का न्हाई?" ताक बंद. मला म्हणली, तुमी मधी पडू नका.

मी पडलो. तिच्या पाचटाच्या कोपीवर गेलो आन् सरळ विचारलं, "ठकूबाई, तुमच्यात भांडं रिकामं देत्यात का वो?"

बाई पदर तोंडाला लावून हसली. "न्हाई वो भाऊ, आमच्यातबी देत न्हाईत. पन ह्या कोपीतलं तुमच्या भांड्यात काय घालू? म्हून राखंनं घासून दिली."

घरी येऊन किटली बघितली तर लखलखीत. आपल्या घरात ती इतकी कधी घासली न्हवती. काकीला तिच्यात सोताचं तोंड दिसलं. "हे लिहू नका," म्हणती. लिहिलं. सांजच्याला ताक घेऊन सोताच गेली, आन् येताना किटलीत ठेचा. असा तिखट, की माझं नाक अजून वाहतंय.

तर पोरी, रीत दोघींची एकच व्हती, तरी भांडण झालं. तुमच्या तर रीतीच दोन. तुझी तुझ्या डोक्यात, तिची तिच्या. तोंडं मिटून बसलात तर वर्ग घेणारा मास्तर काय करणार, कपाळ?

पार्सल धाडलंय. भाजल्या शेंगांचं कूट, गूळ, काकीनं वेलदोडाबी घातलाय. लाडू वळ, डब्यात भर आन् तिच्या दारात जा. उशीर का झाला ते तुझ्या इंग्रजीत सांग. मग तिला विचार, तुमच्यात भांडं कसं माघारी देत्यात. विचारलंस का अजून? न्हाई विचारलंस. तिनं डबा घेऊन दार लावलं तर फुगून बसू नको, दुसऱ्या दिवशी परत जा. आन् कधी तुझं भांडं तिच्याकडनं रिकामं आलं, तर आधी बघ, घासलंय कसं.

काकी म्हणती, आता खरं लिहा. काय खरं?

टॉवर दिसतोय, हे खरं. फोन आणखी घटकाभर कानाला ऱ्हायला असता, तर माझ्या तोंडून "ये" निघालं असतं. तुझी सायकल मी अजून पुसून ठेवतो, लोकं हसत्यात. "ये" म्हणायला मला काय लागतंय? आन् तू आली असतीस, लगेच. म्हणून गेली रेंज.

शिकून झालं की ये. त्याच्या आधी दारात दिसलीस तर त्याच यष्टीनं माघारी धाडीन.

बास. ह्यावर फोनवर काय इचारलंस, तर मी एक अक्षर बोलणार न्हाई.

हौशीराम तात्या