अण्णांच्या आवाजाचा काटा

प्रिय ताई,

अण्णांच्या आवाजाचा काटा अखेर खरं दाखवायला लागला, आणि तेव्हापासून घरात चैन नाही.

पार्किन्सनमध्ये आवाज बारीक होतो आणि ते त्या माणसाला स्वतःला कळत नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं तू मानलंस, अण्णांनी नाही. चाकणच्या कारखान्यात लोखंड ठोकणाऱ्या हॅमरच्या धडधडीवर आवाज चढवण्यात जन्म गेला त्यांचा. त्यांच्या मते इथली आकुर्डीतली माणसंच बहिरी झालीत. म्हणून सरावासाठी पडद्यावर आवाज दाखवणारा काटा करायला बसलो, मी ज्यात गाणी रचतो आणि तू ज्याला ‘वायरमनचं संगीत’ म्हणून चिडवतेस त्याच सॉफ्टवेअरमध्ये, स्क्रीनवरच्या चौकोनाला चौकोन तारेने जोडत.

पहिला काटा फसवा निघाला. तो क्षणभराचा सगळ्यात मोठा आवाज तेवढा पकडायचा, त्यामुळे ‘पाणी’ म्हणताना माइकवर नुसती फुंकर बसली तरी काटा थेट वरच्या लाल पट्ट्यात. अण्णा खूश. मग मी सरासरी काढणारा चौकोन मधे घातला. माझा मित्र शेखर कंपनीत सेफ्टीला आहे, त्याने आवाज मोजायचं यंत्र आणलं, ते माइकशेजारी ठेवून आकडे जुळवले. अण्णा सगळा दम लावून बोलले आणि काटा तळाशीच. बिघडलाय म्हणाले. मी यंत्र दाखवलं, त्याचाही आकडा तेवढाच. काटा जरा उदार करावा असं फार वाटलं गं, पण मग सराव कसला? तरी रोज बसायचे, चिडत का होईना. रविवारपासून बसत नाहीत. बोलतही नाहीत, चहासुद्धा खुणेनं मागतात.

रविवारी तुझा फोन स्पीकरवर घेतला तेव्हा काटा चालूच होता. त्यांनी विचारलं, “पोरी, माझा लई ताप होतो का गं तुला?” मी शेजारी होतो म्हणून ऐकलं. काटा जेमतेम हलला. तू हसून “हो हो, अण्णा” म्हणालीस. ऐकू आलं नाही की तू असंच म्हणतेस, मीही म्हणतो. मी त्यांना हे समजावलं. पण तुला ऐकू गेलं नाही हे मानायचं तर आपला आवाज गेला हे मानावं लागतं, म्हणून त्यांनी तुझं उत्तर खरं मानलंय. फोनवर खुलासा करू नकोस. बडोद्याहून निघ, त्यांच्याजवळ बस आणि तेच पुन्हा विचारायला लाव. ऐकू आलं नाही, तर तोंडावर सांग की ऐकू आलं नाही.

तुझाच,
ज्ञानेश