बिनआंघोळीची गिऱ्हाइकं

प्रिय बडबडे,

तुझं मागचं पत्र पोचलं. अक्षर इतकं सरळ की मला वाटलं छापूनच आलंय. माझं तुला माहीत आहे, ओळ सुरू होते घरात आणि संपते शेजारच्या अंगणात. चालवून घे. फोनवर सांगितलं असतं, पण फोन असतो बैठकीत आणि तिथं तुझी आई असते. तर ऐक. यंदा कोबी झाला! चांगला घट्ट, बाळाच्या डोक्याएवढा. घेवडा असा लगडला की काठी वाकली. गाजरांचे शेंडेसुद्धा शाबूत. एका पानाला सशाचा दात लागला नाही बघ! नाचता आलं असतं तर नाचले असते, पण गुडघे परवानगी देत नाहीत.

तू हॉस्टेलवर जायच्या आदल्या दिवशी जेवताना तुझा बाबा काय म्हणाला होता, आठवतं ना? या खेपेलाही ससे जेवून गेले, तर आई, मागे वाफ्यांवर फरशी घालतो, गिऱ्हाइकांना गाड्या लावायला जागा नाही. तू म्हणालीस, आजी जिंकणार. तो हसला. त्याचं ते हसणं मी ताटातल्या भातासोबत गिळलं. दुसऱ्या दिवशी तू गेलीस आणि मी कुदळ काढली.

आता तुझ्या आजोबांच्या वेळी हे ससे कुठं होते, असं तू विचारशील. होते की. टेकडीवर होते, आतासारखेच. पण आजोबा दुकान बंद करून आले की दिवसभराचे झाडलेले केस पोत्यातून आणायचे आणि आम्ही दोघं ते वाफ्यांच्या कडेनं पसरायचो. माणसाचा वास आला की ससा तिथं पाऊल ठेवत नाही. न्हाव्याच्या घरची ही विद्या. तुझ्या आजोबांच्या दुकानात माणसं सरळ कामावरून यायची, घामानं चिकटलेली डोकी घेऊन. आमची भाजी त्या घामावर वाढली म्हण.

तुझ्या बाबानं दुकानाचं सलून केलं. गोल फिरणाऱ्या खुर्च्या आल्या, आरसे आले. केसांचं पोतं मात्र तो मागितलं की देत होता, खोटं कशाला बोलू. मी पसरत होते आणि ससे खात होते. दोन वर्षं मला वाटत होतं, ससेच आता निर्ढावले. मग तू गेल्यावर एकदा सहज मूठभर केस नाकाशी धरले. बडबडे, सफरचंदाचा वास! आता आधी डोकं धुतात आणि मग कापतात, तेही तीन तऱ्हेच्या शांपूनं. ससा पळेल कशाला? त्याला वाटलं असेल, म्हातारीनं अत्तर शिंपडून पंगत मांडलीय.

मी बाबाला म्हटलं, अरे, एखाद्याचे न धुता काप की, माझ्यापुरते. तर म्हणाला, आई, माझ्याकडे येणारी माणसं डोकं मळवून येत नाहीत. ज्या मळलेल्या डोक्यांवर हा लहानाचा मोठा झाला, त्यांच्याबद्दल हे बोलणं. असो.

आधी माझेच केस कापले. पण माझी वेणी ती केवढी, उंदराच्या शेपटीएवढी. तिला ससा काय भीक घालणार! मग शेजारी भिंत बांधायला एक गवंडी आला. भर उन्हात काम, मानेवर आलेले केस. मी त्याच्या डोक्याकडे इतकी टक लावून बघत राहिले की तो बिचारा टोपी चाचपायला लागला. म्हटलं, ये बाबा, फुकटात कापून देते, नवऱ्याच्या हाताखाली शिकलेला हात आहे. फक्त आंघोळ करून यायचं नाही. आजोबांची जुनी लाकडी खुर्ची अडगळीतून ओढून परसात मांडली. गवंड्यानं त्याचे सोबती आणले. मग भंगारवाला आला. मासळीवाला आला, त्याचे केस जिथं पसरले तिथं ससे फिरकले नाहीत, पण मांजरं मात्र लोळायला लागली. निवृत्त पोस्टमास्तर तर म्हणाले, वहिनी, लवकर कापा, बायकोनं मला गॅलरीत झोपायला लावलंय. काय हसायचो गं आम्ही! गवंडी सोडले तर बाकी सगळी आजोबांची जुनी गिऱ्हाइकं. तुझ्या बाबाच्या सलूनात शिरायला त्यांना लाज वाटायची. कुणी तंबाखूची डबी पुढे करून, घेता का वहिनी, असं चिडवायचं, कुणी माझ्या बिया निवडून द्यायचं. इतकी माणसं माझ्याशी बोलली त्याला किती काळ लोटला होता! घरात माझ्याशी बोलतात ते औषध घेतलं का, एवढंच.

त्या हसण्यानंच घात केला. सलूनातल्या एका बड्या गिऱ्हाइकानं विचारलं, मागे काय चाललंय? तुझा बाबा परसात आला. मला वाटलं, आता कोबी बघेल. त्यानं बघितली खुर्ची. पोस्टमास्तर गळ्याभोवती चादर घेऊनच उठले आणि अर्ध्या डोक्यानं घरी गेले. बाबा म्हणाला, आई, माझ्याच पाठीमागे बसून माझं नाक कापतेस? मी म्हटलं, नाही रे, केसच कापते. कुणी हसलं नाही. तुझी आई म्हणाली, लोक विचारतात, सासूला हातखर्चाला देत नाही का? मी म्हटलं, ते राहू दे, आधी इकडे या. ही पानं बघा. तूच म्हणाला होतास ना, ससे जेवले तर फरशी? जेवले का? दाखव एक तरी कुरतडलेलं पान. तर तो काय म्हणाला माहीत आहे? अगं आई, ते मी आपलं असंच बोललो होतो.

असंच.

दोन दिवसांनी माणसं आली, मशीन आलं. तुझ्या आईनं मला टोपली आणून दिली, सकाळपासून वेळ दिला, वाईट वागली असं म्हणणार नाही. मागच्या ओळीतला कोबी अजून आठवडाभर हवा होता. घेवड्याला फुलं होती, ती कुठं टोपलीत भरणार? वाफे सपाट व्हायला चहा गार होण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. आता तिथं राखाडी फरशी आहे. परवा कुणाची तरी पांढरी गाडी उभी होती.

पण हे रडगाणं गायला पत्र लिहीत नाहीये. काल बाबा तुझ्या आत्याशी फोनवर बोलत होता. म्हणाला, काय करणार ताई, सशांनी सगळं खाऊन टाकलं, आईला आता झेपत नाही गं. मी तिथंच लसूण सोलत बसले होते. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तसंच पुढं बोलत राहिला. मी पुढची पाकळी सोलायला घेतली. या वयात मुलाला खोटं पाडलं तर संध्याकाळी जेवायला कुणाच्या ताटाशेजारी बसू? सुट्टीत तू येशील, मागचं दार उघडशील, तेव्हा तुलाही हेच सांगतील, आणि तू मला कुशीत घेऊन म्हणशील, जाऊ दे आजी, वय झालं तुझं. तसं म्हणू नकोस. वय झालंय, पण माझी भाजी सशांनी खाल्ली नाही. त्यांच्याशी भांडू नकोस, मला इथंच राहायचंय. नुसतं मनात ठेव.

तुझीच, भाजी राखलेली
आजी