सतरा मिनिटांच्या उशिराबद्दल खुलासा

शिरपूर,
२ मार्च

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे प्रेमराजचा, शिरपूरहून वाकून नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. सुलक्षणाचा गुडघा लग्नात नाचल्यापासून दुखतोय, पण तो तिचा आणि गुडघ्याचा आपसातला प्रश्न आहे. तुझं बीपी आणि दाजींचा खोकला आटोक्यात असेल असं मी धरून चालतो, कारण विचारायला फोन केला तर तू उचलत नाहीस. कामिनीच्या लग्नाला आज सोळा दिवस झाले. तेवढ्या दिवसांत मी एकोणीस फोन केले (वेळेसकट नोंद ठेवली आहे, दाखवू शकतो). म्हणून शेवटी पोस्टाचं पाकीट आणलं. पाकीट वाजत नाही, त्यामुळे ते कापायची सोय नाही.

तुझा राग मला मान्य आहे. मुलीला मांडवात मामाने न्यायचं, हे मला नव्याने सांगायला नको. त्यात कामिनी चार वर्षं आमच्याकडे राहून फार्मसी शिकली, आणि साखरपुड्यातच तिने सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं की मला मांडवात नेतील ते शिरपूरचेच मामा. मुहूर्त बारा पस्तीसचा. मी धुळ्याच्या मंगल कार्यालयात पाय ठेवला बारा बावन्नला. तोवर आपल्या चुलत्याच्या भिकनने माझ्यासाठी तिथे आणून ठेवलेला फेटा डोक्यावर चढवून, माझ्या भाचीचा हात धरून, माझं काम उरकलं होतं. ज्या माणसाने एकतीस वर्षं शिरपूर स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून दुसऱ्यांच्या गाड्यांचा उशीर लाल शाईने लिहिला, त्यालाच लाल शाई लागली. स्टँडवर मी ड्रायव्हरकडून लेखी खुलासा मागत असे. तसाच हा माझा खुलासा आहे असं समज.

दोष गाडीचा आहे. हितेंद्रने पुण्यात ती लांबलचक परदेशी गाडी घेतली, पण ती त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावत नाही (अर्धी शेजाऱ्याच्या जागेत जाते आणि शेजारी वकील आहे), म्हणून ती आपल्या अंगणात निंबाखाली उभी असते. माझी जुनी गाडी मला पुरेशी होती. पण मुलाचं म्हणणं, मामा नवरीला न्यायला येणार तो शोभेल अशा गाडीत आला पाहिजे. सुलक्षणा आदल्या दिवशीच हळदीसाठी धुळ्याला गेलेली, म्हणजे गाडीत मी एकटा. निघताना हितेंद्रने फोनवर सूचना दिली की आबा, तुम्ही काही म्हणता काही करू नका, वेग ठरवून एक बटण दाबा, पुढची गाडी बघून ही आपोआप हळू होते, आपोआप वेग घेते, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याबाहेर गेली तर आपणच आत येते. मी सरकारी नोकरीतला माणूस. काही करू नका म्हटल्यावर मी खरोखर काही केलं नाही. साडेदहाला निघालो.

पहिली कुरबूर तापीच्या पुलावर झाली. तापीमाय आली की आपण हात जोडतो, हे आपल्याला वडिलांनी बैलगाडीत बसून शिकवलंय. मी हात जोडले, तर गाडी बोंबलायला लागली आणि समोरच्या काचेवर दोन लाल हात स्टिअरिंग धरलेले दिसायला लागले. मी पुन्हा धरलं. पण नमस्कार अर्धाच झाला होता, म्हणून पुन्हा जोडले. तिने या वेळी सीटचा पट्टा आवळून ब्रेकचा हिसका दिला. आपल्या वडिलांचे बैल तापीवर आपणहून थांबत (पाण्यासाठी थांबत हे खरं, पण थांबत). ही इतकी शिकलेली, हिला नदी कळत नाही.

पुढे खड्डे लागले. मी खड्डा चुकवायला स्टिअरिंग वळवलं की तिला वाटायचं म्हातारा पट्ट्याबाहेर चालला. ती मला हळूच, पण ठामपणे, परत खड्ड्याकडे आणायची. हितेंद्रला फोन केला. तो म्हणाला, इंडिकेटर दिलात तर ती ओढणार नाही. मग मी प्रत्येक खड्ड्याला इंडिकेटर देऊ लागलो. मागचा टँकरवाला बिचारा दर वेळी मी वळणार म्हणून थांबायचा. शेवटी तो बाजूने पुढे गेला, आणि जाताना माझ्याकडे एकदा नीट बघून गेला.

खरी अडचण मात्र तिच्या सभ्यपणाची. हितेंद्रने तिला पुढच्या गाडीपासून जास्तीत जास्त अंतर ठेवायला सांगून ठेवलंय. आता तूच सांग, आपल्या महामार्गावर दोन गाड्यांमध्ये एवढी जागा दिसली तर ती कुणी मोकळी राहू देईल का? आधी एक पिकअप घुसली. ही मागे सरकली, पुन्हा तेवढंच अंतर. त्यात रिक्षा आली. ही पुन्हा मागे. मग दुधाची मोटारसायकल, मग केळीचा ट्रक, मग एका पुढाऱ्याच्या तीन गाड्या. मी बसल्या जागी सगळ्यांना 'या, तुम्ही आधी' म्हणत होतो. केळीच्या ट्रकच्या मागे गोलात चाळीसचा आकडा लिहिलेला होता. तो हिने सरकारी पाटी समजून वाचला आणि वेग चाळीसवर आणला. ट्रक स्वतः सत्तरने निघून गेला, तो आकडा त्याने कधी वाचलेलाच नसावा. मध्येच काचेवर चहाच्या कपाचं चित्र आलं. विश्रांती घ्या, असं ती सुचवत होती. निवृत्तीनंतर इतक्या आपुलकीने चहाचं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून नरडाणा फाट्यावर थांबून घेतला. वीस मिनिटं गेली.

फाट्यानंतर कपाशीची ट्रॉली ओढणारं एक ट्रॅक्टर समोर आलं आणि गाडीचा जीव त्याच्यावर जडला. ते अठराने चाललं, आम्ही अठराने. ते थांबलं, आम्ही थांबलो. काही करू नका ही सूचना मला पाठ होती. पाच-सहा किलोमीटर मागे वळून वळून बघितल्यावर ट्रॅक्टरवाला खाली उतरून माझ्या काचेशी आला. झुलाल नाव त्याचं, जिनिंगला कापूस घेऊन चालला होता.

"आबा, कव्हयपाईन दखी ऱ्हायनू," तो म्हणाला. "बठ्ठा पुढे निंघी ग्यात, तुम्ही मन्हा मांगे काबर? गाडी बिघडनी शे का?"

मी म्हटलं, बिघडली नाही, ती अशीच शे. त्याने गाडीला एक फेरी मारली, आत वाकून पाहिलं, आणि उपरणं, कडक इस्त्री बघून विचारलं, लग्नाला चाललात का? मी सांगितलं, भाचीचं लग्न आहे, मामा मीच. तेव्हा त्याने स्वतःच ट्रॅक्टर कडेला घेऊन मला वाट करून दिली आणि, "आबा, पळा," एवढंच म्हणाला.

तर हा असा प्रवास. एवढ्या मोठ्या, एवढ्या हुशार गाडीमुळे तुझ्या भावाची पत गेली. भिकनला मी दोष देत नाही (फेटा मात्र त्याने अजून परत केलेला नाही). दाजींना नमस्कार सांग, आणि पत्र निदान शेवटपर्यंत वाच.

तुझा,
प्रेमराज

ता.क. १ : सुलक्षणाने पत्र वाचलं. ती म्हणते, ट्रॅक्टर सुटल्यावर तिथून धुळं अर्ध्या तासाचं, मग बाकीचा वेळ कुठे गेला? तिला हिशोब मागायची जुनी सवय आहे.

ता.क. २ : ही गाडी कुठे किती वेळ उभी राहिली ते हितेंद्रच्या फोनवर दिसतं, हे मला परवा कळलं. सोनगीरला, किल्ल्याच्या खाली, बेचाळीस मिनिटं. उशीर सतरा मिनिटांचा. वजाबाकी तू करशीलच. मी त्याला पंक्चर सांगितलं आणि त्याने ते मानून घेतलं. अक्का, पंक्चर नव्हतं. गाडी मीच कडेला घेतली होती. मी मांडवात नेलं की कामिनी आपली राहणार नाही, हे सोनगीर आल्यावर एकदम डोक्यात आलं. चार वर्षं रोज संध्याकाळी कॉलेजची बस आली की तिची चप्पल पायरीवर वाजायची, आणि मी पेपर वाचतोय असं दाखवायचो. मला तिला न्यायचं नव्हतं. मी बसून रडलो. वाटभर प्रत्येक गोष्टीला ओरडणारी गाडी तेवढी बेचाळीस मिनिटं काही बोलली नाही.

ता.क. ३ : आखाजीच्या सणाला पहिलं माहेरपण तुझ्याकडे, जळगावला. तो तुझा मान आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मुराळी म्हणून कामिनीला धुळ्याच्या सासरहून आणायला मला जाऊ दे, आणि तिला दोन दिवस आधी शिरपूरला राहू दे. निंबाला झोका मी कालच बांधला, त्यासाठी गाडी उन्हात काढावी लागली. जाईन एसटीने, सव्वासातच्या. बस लागायच्या अर्धा तास आधी स्टँडवर हजर असेन. तुझी हरकत नसेल तर नुसता एक मिस्ड कॉल दे. हरकत असेल तर माझा विसावा फोन उचल आणि मला मनसोक्त शिव्या दे. मला दोन्ही चालेल.