वेणी घालता घालता

शनिवार, दुपार

प्रिय बाजी,

अस्सलामु अलैकुम. इकडे आम्ही सगळ्या मजेत. तुझे गुडघे काय म्हणतात? माझ्या खोलीतल्या मुलींच्या डोक्यांतल्या उवा एकदाच्या गेल्या. गाद्या उन्हात टाकल्यात. बादल्यांवरून भांडणं रोजचीच.

माझं काम तुला ठाऊकच आहे. मदरशात शिकवणाऱ्या उस्तानी वेगळ्या, मी वसतिगृहाची खाला. मुलींना उठवायचं, रडेल तिला जवळ घ्यायचं, आणि उस्तानींपुढे जाण्याआधी वेणी घालता घालता प्रत्येकीचं कुराणाचं पाठांतर ऐकायचं. चुकली की वेणीला हलका हिसका.

त्यांतली सगळ्यात छोटी, आमची चिमणी, कुराणाच्या तीस भागांतल्या पहिल्या पाऱ्यात निघते आणि थेट नवव्यात पोचते. दोन्हीकडं मूसा अलैहिस्सलामांचा किस्सा, आयतींचे शब्दही जुळ्या बहिणींसारखे. मागच्या महिन्यात असाच हिसका देऊन मी पुढचे शब्द सांगितले, तर ही वळून म्हणते, "खाला, तुमच्या दोन्ही हातांत माझे केस आहेत. मग कुराण बघितलंत कुठं?"

"गप बस, भांग वाकडा होतोय," मी म्हटलं.

ती कसली गप बसतेय. कपडे वाळत घालताना, चादरी झटकताना, कुठूनही एखादी आयत म्हणायची आणि पुढचं मला विचारायचं, हा पोरींचा खेळच झाला. अडखळले की माझीच वेणी ओढायच्या. शेवटी बड्या उस्तानींच्या कानावर गेलं, आणि त्यांनी मला रोज समोर बसवून पहिल्यापासून एकेक पारा ऐकायला घेतला.

बाजी, एक गोष्ट आपण दोघी कधी बोललो नाही. अम्मी अंथरुणाला खिळली तेव्हा घर बघायला मी थांबले आणि माझं हिफ्ज, अख्खं कुराण तोंडपाठ करणं, चौदाव्या पाऱ्यावर राहिलं. तू पूर्ण केलंस, हाफिजा झालीस. तेव्हापासून मी खोलीत आले की तुझा पढण्याचा आवाज बारीक होतो. मला कळायचं गं. राग कधीच नव्हता. हळहळ होती, खोटं कशाला बोलू.

उरलेले पारे या पोरींचं ऐकता ऐकता कधी अंगात मुरले, मलाच पत्ता नाही. कच्चे होते ते त्यांनी पक्के करून घेतले. काल बड्या उस्तानींपुढे शेवटच्या पाऱ्यातली माझी शेवटची सूरत संपली. पोरी दाराला कान लावून उभ्या. पहिल्या पाऱ्यातल्या त्या वळणावर चिमणीनं म्हणे श्वास रोखला होता. मी नवव्यात न घसरता सरळ पुढं गेले. नंतर ती इतकी रडली की तिचं नाक मलाच पुसावं लागलं.

सुट्टीत घरी येतेय. आल्यावर माझ्यासमोर बसायचं आणि खणखणीत आवाजात पढायचं. चुकलीस तर वेणी ओढेन.

तुझी धाकटी,
हाफिजा