खोली तीनमधली सोबत

३ तारीख, सोमवार

आज माजी सैनिकांच्या केंद्रात कामावर रुजू झाले. चाळिशी उलटल्यावर पहिली नोकरी, म्हणून नवी चप्पल घेतली आणि ती दुपारपर्यंत चावली. तरी खूश आहे. इथला नियम मला फार आवडला. माजी सैनिकाचा जीव कासावीस झाला, नको ते मनात येऊ लागलं, की त्यानं सरळ दारात यायचं. कागद नंतर, पैसे कधीच नाहीत, आधी आत घ्यायचं. माझं काम सोबतीचं. खोलीबाहेर काचेशी बसायचं आणि दर पंधरा मिनिटांनी तक्त्यावर एक ओळ लिहायची. झोपला आहे, येरझाऱ्या घालतो आहे, बोलतो आहे. मुख्य नर्सला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती झोपेतही बंद होत नसावी. तिनं बजावलं, आपल्या माणसाच्या खोलीवर आपली पाळी कधी लागत नाही.

माझा नवराही फौजेतलाच, हे मी तिला सांगितलं नाही. परतून नऊ वर्षं झाली. दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले चार ‘नको’. अशा माणसांना बोलतं कसं करतात, ते शिकायलाच मी आले आहे.

७ तारीख, शुक्रवार

खोली तीनमधले ड्रायव्हरकाका घरी गेले. आले तेव्हा चार दिवस भिंतीकडे तोंड. आज म्हणाले, हा चहा शत्रूला पाजला असता तर गोळी झाडावीच लागली नसती. बहिणीनं दुपारभर ऐकून घेतलं म्हणून हलकं वाटलं, असंही म्हणाले. बहीण कशी, तर दोन वेण्या घातलेली. साठीच्या माणसाची बहीण! भेटीच्या वहीत तर कुणाचीच नोंद नाही. रेडिओ म्हणाली, त्या खोलीत माणसं निवळतात, गुण आला ना, मग झालं.

घरी येऊन नवऱ्याला हे सगळं रंगवून सांगितलं. त्यानं ताट सरकवलं आणि उठला. मला त्या नसलेल्या बहिणीचा हेवा वाटला.

१२ तारीख, बुधवार

आज माझ्या नवऱ्यालाच इथं आणलं. गच्चीच्या कठड्यावर बसला होता. शेजाऱ्यांनी बोलण्यात गुंतवून उतरवला. खोली तीन रिकामी होती. मला चादरींच्या खोलीत पाठवलं. रेडिओनं खांद्यावर हात ठेवला.

१३ तारीख, गुरुवार

दुपारी त्याचा तक्ता वाचला. साडेअकरा: शांत. पावणेबारा: पत्नीशी बोलतो आहे. बारा: पत्नीशी बोलतो आहे, हसला.

मी तेव्हा चादरींच्या घड्या घालत होते.

पाळीवरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, तुमची धाकटी बहीण असेल तर माहीत नाही, पण तो तिला बायकोच म्हणत होता. निळा स्वेटर, लांब केस. अंगाची लाही झाली. नऊ वर्षं मी त्याच्या उशाशी बसून तो बोलेल याची वाट पाहिली, आणि ही कोण भवानी, त्याला पाव तासात हसवणारी?

१४ तारीख, शुक्रवार

काचेतून पाहिलं.

मीच आहे ती. सव्वीस वर्षांची. त्याला निरोप दिला त्या सकाळची. त्याचं डोकं तिच्या मांडीवर, आणि तो सांगतो आहे. मित्राचं, पुलावर काय झालं त्याचं, सगळं. मी हात जोडून विचारलेलं सगळं.

घाबरायला हवं होतं. मी जळले. तिच्या केसांवर, तिच्या मानेवर. दार ढकलून आत गेले तर तो एकटाच. मला पाहून भिंतीकडे वळला. रेडिओला म्हणाला, तिला बोलवा ना.

१६ तारीख, रविवार, सकाळ

त्याला घरी सोडलं. वहीत सही पत्नीची. माझीच सही, पण लग्नानंतर करायचे तशी, शेवटी वळण असलेली.

मी वरच्या मजल्यावर होते. मला कुणी बोलावलं नाही. दारावरचा रखवालदार म्हणतो, जोडा किती छान दिसत होता.

दुपार

घरी गेले. किल्ली लागेना. त्यानंच दार उघडलं. दाढी केलेली. डोळे स्वच्छ. मला ओळखलं — म्हणजे, केंद्रात पाहिल्यासारखं. आतून माझ्या आवाजात कुणी विचारलं, कोण आलंय. तो म्हणाला, “केंद्रातल्या ताई आहेत.” मग मला म्हणाला, “तुमचे उपकार झाले, ताई. मी आता बरा आहे.”

दार लावून घेतलं. हळूच. आपटलं नाही.

जिन्यात बसले आहे. ती काहीतरी म्हणाली. तो हसतो आहे. मोठ्यानं — मी विसरलेच होते तो कसा —

उठलं की दोन पावलांवर बेल आहे. वाजवली तर ती जाईल, माहीत आहे मला, आत शिरले की ती जातेच. आणि तो पुन्हा भिंतीकडे. पुन्हा गच्चीवर. आणि नाही वाजवली तर मी —